राहिलेली सुई

जांभई देताना माझा जबडा अडकला. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली होती, मांडीवर औषधांची बॅग होती, आणि दिवसभरातली ती कितवी जांभई होती कोण जाणे. तोंड उघडलं, उजव्या कानाखाली काहीतरी कट्कन वाजलं, आणि तोंड मिटेना. क्षणभरच. शेजारच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि थोडं अंग चोरून घेतलं. तिला वाटलं असेल, ही आता ओरडणार किंवा गाणार. मी हनुवटीला तळहात लावून हलकेच वर ढकललं, तसं ते हाड पुन्हा जागेवर बसलं, आणि मी काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं बाहेर बघत राहिले. दुकानांचे दिवे लागत होते. धनुर्वात, असा शब्द डोक्यात आला. खरं तर धनुर्वातात तोंड उघडत नाही, आणि माझं मिटत नव्हतं, म्हणजे सगळं उलटंच. पण थकलेल्या डोक्याला उलट-सुलट कळत नाही, त्याला सुताचं टोक मिळालं की पुरे. आणि त्या शब्दाच्या मागोमाग मामांचं "हो" आलं. दुपारपासून ते माझ्यासोबतच होतं, पायात रुतलेल्या बारीक काट्यासारखं; चालता येतं, म्हणून माणूस बसून काढत नाही.

मामा म्हणजे माझे कुणी नव्हेत. शहराच्या टोकाला घोडेस्वारी शिकवायची शाळा आहे, तिथल्या तबेल्याचे ते मुख्य. मी जनावरांच्या दवाखान्यात नव्यानं लागले तेव्हाही ते मामाच होते आणि तेव्हाही त्यांच्या मिशा पांढऱ्याच होत्या. चारचौघांत मला "डॉक्टरबाई, तुम्ही" म्हणतात आणि कुणी नसलं की "पोरी, तू". दुपारी त्यांचा निरोप आला की बदामी घोडी पहाटे व्याली, येऊन बघून जा. मी गेले. कोरडं गवत अंथरलेल्या त्या मोठ्या खोलीत शिंगरू उभं होतं, चारही पाय चार दिशांना, जणू कुणीतरी घाईघाईत जोडून दिलेलं. आईसारखंच बदामी, कपाळावर पांढरा डाग. वार पूर्ण पडली होती, घोडी शांत होती. मी शिंगराच्या नाळेचं टोक आयोडीनच्या वाटीत बुडवलं, ते फुरफुरलं, पडलं, उठलं आणि पुन्हा आईखाली शिरून चटाचटा पिऊ लागलं. ही पिण्याची चटचट ऐकली की माझा जीव भांड्यात पडतो. पहिल्या दिवसाच्या चिकातूनच तर सगळं मिळतं शिंगराला. जन्मताना ते अगदी उघडं येतं, रोगांशी लढायचं काहीच सोबत आणत नाही. आईनं जे कमावलं असेल ते चिकात उतरतं, आणि ते पहिल्या काही तासांत पोटात गेलं तर गेलं. नंतर आतडं दार लावून घेतं. म्हणून घोडीला व्यायच्या महिनाभर आधी धनुर्वाताची लस द्यायची. आईला टोचायचं ते पिल्लासाठी. घोड्याइतका या रोगाला बळी पडणारा दुसरा प्राणी नाही, आणि त्याचं बीज तर तबेल्याच्या मातीतच असतं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या लिदीत. नाळ म्हणजे उघडं दार.

तर मी विचारलं. सवयीनं विचारलं, जसं दाराबाहेर पडताना किल्ल्या चाचपतो तसं. "मामा, मागच्या महिन्यात हिला लस दिली होती ना?" मामा माझ्याकडे पाठ करून बादली धूत होते. "हो," ते म्हणाले. बस्स. आणि मी बॅग बंद केली.

आता मामा काय चीज आहे ते सांगायला हवं. मामांना वेळ विचारली तर ते घड्याळ कुणाकडून घेतलं ते सांगतात. एका शब्दाचं उत्तर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. मागे एकदा तट्टाला जंताचं औषध दिलं का, एवढंच विचारलं होतं, तर त्यांनी चऱ्हाट लावलं: दिलं, पण आधी थुंकलं, मग गुळात घालून दिलं, मग रुसलं, मग संध्याकाळी माझ्या टोपीचा शेंडा खाल्ला. आणि आज नुसतं "हो". शिवाय ती बादली स्वच्छ होती. मी आत शिरले तेव्हाच पालथी घालून ठेवलेली होती. माझा प्रश्न येताच त्यांनी ती उलटी केली आणि पुन्हा धुवायला घेतली. हे सगळं मला तिथंच दिसलं होतं. मनात पाल चुकचुकली होती. मी कानाडोळा केला, कारण पाठ दुखत होती, कारण सकाळपासून तीन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, कारण बरोबरचा डॉक्टर नोकरी सोडून गेल्यापासून दोघांचं काम माझ्या एकटीच्या अंगावर आहे. थकलेल्या माणसाला "हो" फार गोड लागतं. "नाही" म्हटलं की काहीतरी करावं लागतं.

मामांनी नाही म्हटलं असतं तर सीरम आणावं लागलं असतं. लस आणि सीरम यांत फरक आहे आणि तो मी नव्या मुलांना नेहमी असा सांगते: लस म्हणजे घरात शिधा भरणं, वेळ लागतो, सीरम म्हणजे शेजारणीनं आणून दिलेलं ताट, लगेच खाता येतं पण पुरतं थोडेच दिवस. आईला लस मिळाली नसेल तर पिल्लाला जन्मताच सीरम टोचायचं, म्हणजे नाळ सुकेपर्यंत तरी ते झाकलेलं राहतं. सीरम होतं दवाखान्याच्या शीतकपाटात. तबेल्यापासून दवाखाना म्हणजे शहराचं एक टोक ते मध्य, आणि दवाखान्यापासून माझं घर म्हणजे मध्य ते दुसरं टोक. मी आता त्या दुसऱ्या टोकाकडे निघाले होते. दवाखाना मघाशीच मागे गेला होता, आणि बस तिथून पुढे निघाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. अगदी खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच.

लस मामांच्याकडे मीच पाठवली होती. त्या दिवशी दवाखान्यात विषबाधेची कुत्री आली होती, एकामागून एक, आणि मला निघता येईना. मग ड्रायव्हरबरोबर कुपी पाठवली आणि मामांना फोन केला की तुम्हीच द्या, तुमचा हात माझ्याहून हलका आहे. ते खरंही आहे. मामा सुई टोचतात तेव्हा घोडा कान हलवत नाही. आधी मानेवर हाताची कड हलकेच दोनदा आपटतात, तिसऱ्यांदा सुई असते. फोनवर ते म्हणाले होते, "बरं, पाठव." तेव्हाही थोडकंच. तेव्हाही मला घाई होती.

आणि ही घोडी साधी घोडी नव्हे. मामांचं लग्न झालेलं नाही. तबेल्यातले लोक चेष्टेनं म्हणतात, झालंय, बदामीशी. दोन वर्षांपूर्वी ती गाभण होती. तेव्हाही हीच लस, हीच मान. आणि लसीनंतरच्या आठवड्यात तिनं गर्भ टाकला. मी गेले होते. मामा गवतावर मांडी घालून बसले होते आणि समोर ते पूर्ण वाढलेलं, ओलं, खुरांवर अजून तो मऊ पिवळा थर असलेलं शिंगरू. त्यांनी आपली टोपी काढून त्याच्या डोक्याखाली ठेवली होती. मी वारेचा तुकडा तपासायला पाठवला, उत्तर आलं, गर्भाशयात संसर्ग होता, जुना, लसीच्या कितीतरी आधीपासूनचा. मी मामांना समजावून सांगितलं, दोनदा, सोप्या शब्दांत. लसीचा संबंध नाही. सुईनंतर झालं म्हणजे सुईमुळे झालं असं नसतं, मामा. ते मान हलवत राहिले. फार शहाण्यासारखी मान हलवली त्यांनी, आणि मला वाटलं, पटलं. आता बसच्या काचेवर कपाळ टेकून ती हलणारी मान मी पुन्हा पाहिली आणि कळलं, ते पटलेल्याचं हलणं नव्हतं. समोरचा थांबावा म्हणून माणूस मान हलवतो, तसं ते होतं. मी उत्तर कागदावरून वाचलं होतं. पण ज्याचं काही गेलं आहे त्याला उत्तर नको असतं, त्याला कुणीतरी दोषी हवा असतो. तिथं त्या सुईशिवाय जवळपास दुसरं कुणी नव्हतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण इथं फुंकून पिता पिता ताक राहूनच गेलं असलं, सुई दिलीच गेली नसली तर?

घरून फोन आला. नवऱ्यानं विचारलं की कुठवर पोहोचलीस, पाणी तापवून ठेवलंय. मी म्हटलं, बसमध्ये आहे. मग त्याचं नेहमीचं वाक्य: जगातली सगळी जनावरं तुझी, फक्त घरातलं एक उपाशी. मी हसले. मला खरोखर घरी जायचं होतं. गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं होतं, कुणी काही विचारू नये असं वाटत होतं. मामांना फोन करावा का, असंही मनात आलं. पण काय विचारणार? पुन्हा तेच विचारलं तर ते पुन्हा "हो" म्हणतील, आणि त्या वयाच्या माणसाला दोनदा खोटं बोलायला लावणं मला जमणार नव्हतं. उद्या बघू म्हणावं, तर उद्या रविवार, औषधांचं कपाट बंद. एक दिवस थांबल्यानं तसा काही आभाळ कोसळण्याचा भाग नव्हता, कदाचित. घोडीच्या अंगात जुन्या लसीचं काही उरलंही असेल, तिच्यापुरतं. पिल्लाला वाटून द्यायला पुरेल की नाही ते कोण सांगणार? पण मी स्वतःला ओळखते. उद्यापर्यंत त्या "हो"वर माझा विश्वास बसला असता. सोमवारपर्यंत तर मी तो शपथेवर सांगितला असता.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक कोळसेवाला होता. गाडीला घोडी, आणि घोडीला शिंगरू झालेलं. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. लस वगैरे काही नाही, नाळ मातीत लोळलेली. आठवडा उलटून गेल्यावर त्यानं बोलावलं, म्हणाला, "काही नाही हो, जरा अवघडलंय." मी खोलीत शिरले तर शिंगरू लाकडी घोड्यासारखं उभं. शेपूट मागे ताठ, कान एकमेकांकडे ओढलेले, आणि मी त्याच्या हनुवटीला बोट लावताच डोळ्याच्या कोपऱ्यातून तो पातळ पांढरा पडदा बुबुळावर सरकत आला. त्याला भूक होती. हेच मला सहन होत नव्हतं. ते आईखाली जाऊन उभं राहायचं, तोंड लावायचं, आणि जबडा उघडायचाच नाही. आई पान्हा सोडायची आणि दूध त्याच्या मिटलेल्या ओठांवरून गळून जमिनीवर सांडायचं. आम्ही करायचं ते सगळं केलं. खोलीला पोती लावून अंधार केला, त्याच्या कानात कापूस घातला, कारण साधी कडी वाजली तरी त्याचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं जायचं आणि ते आडवं पडायचं. शेजारच्या पत्रेवाल्यानं आपणहून दुकान बंद ठेवलं. कोळसेवाला, आडदांड माणूस, बोलायचा तर गल्ली हलायची, तो उंबऱ्याबाहेर बूट काढून अनवाणी, चवड्यांवर आत यायचा आणि माझ्याशी खुणांनी बोलायचा. मी काय सांगणार होते त्याला खुणांनी? शेवटी शेवटी तो खुणाही करीना, नुसता भिंतीला टेकून उभा राहायचा. ते शिंगरू गेलं. गेल्यावरही तो अनवाणीच बाहेर आला आणि बूट हातात घेऊन बराच वेळ रस्त्यावर उभा होता, आता आवाज केला तरी चालेल हे त्याच्या लक्षातच येत नव्हतं. त्यानंतर मी पुष्कळ जनावरं मरताना पाहिली. कातडं जाड झालं. पण इतकं शांत मरण मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि तसं पुन्हा पाहायची ताकद माझ्यात उरलेली नाही. खरं सांगायचं तर बसमधल्या जागेवरून मी उठले ती कर्तव्यानं नव्हे, या भीतीनं उठले.

शेजारच्या बाईनं पाय बाजूला घेतले. मी उठतेय म्हटल्यावर तिलाही बरंच वाटलं असावं. रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर उभी राहिले. नवऱ्याला फोन करून सांगितलं की उशीर होईल, तू जेवून घे. तो म्हणाला, "पाणी पुन्हा तापवता येतं." एवढं ऐकून माझे डोळे भरून आले, म्हणजे मी किती थकले होते बघा. उलट्या दिशेची बस रिकामी होती, आणि तरी मी उभीच राहिले, बसले तर झोपेन म्हणून.

औषधांच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला आम्ही त्याच्या पाठीमागे "उद्या" म्हणतो, कारण काहीही मागितलं की त्याचं पहिलं उत्तर तेच. तो डबा घेऊन निघण्याच्या तयारीत होता. मी काही मागण्याआधीच त्यानं तोंड उघडलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटून किल्ली काढली. काय दिसलं त्याला माझ्या चेहऱ्यावर, कुणास ठाऊक. सीरमची कुपी बर्फाच्या पिशवीत गुंडाळताना एवढंच म्हणाला की बाई, तुम्ही आजारी पडाल. मी म्हटलं, उद्या पडते. त्याला विनोद कळला नाही, किंवा कळला आणि आवडला नाही.

तबेल्यात पोहोचले तेव्हा स्वारीची मुलं घरी गेलेली होती, मोतद्दार चारा टाकून मागच्या बाजूला बोलत बसले होते. बदामीच्या खोलीबाहेर मामा बसलेले. त्यांची सुटी केव्हाच झालेली असणार. मला पाहून ते उठले नाहीत, आश्चर्यही दाखवलं नाही. परत का आलीस असंही विचारलं नाही. मी वाटभर काय बोलायचं ते ठरवत आले होते, रागाचं एक वाक्य तर अगदी घोटून तयार केलं होतं, आणि आता त्यातलं काही उरलं नव्हतं. मी नुसतं म्हटलं, "शिंगराला एक सुई द्यायची आहे, मामा."

"आईला दिली असली तरी द्यायची असते का?"

"असली तरी द्यायची," मी म्हटलं.

हे तितकंसं खरं नव्हतं. पण त्यांनी एक खोटं बोलून मला घरी पाठवलं होतं, मीही त्यांना एक खोटं देणं लागत होते. ते उठले, आत गेले, आणि शिंगराला धरलं. एक हात छातीपुढून, दुसरा शेपटीच्या मुळाशी, असं की त्या पोराला वाटावं आपल्याला कुणी धरलेलंच नाही, आपण आपले उभे आहोत. मी मांडीच्या स्नायूत सुई घातली. ते दचकलं, मामांच्या पोटावर एक लाथ बसली, आणि सुटताच ते आईखाली जाऊन प्यायला लागलं. चटचट, चटचट. आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो. मी गवतावरच बसले, चांगल्या कपड्यांनिशी. मामा उभेच होते, हात खाली सोडून, आणि ते हात काय करायचे ते त्यांना समजत नसावं, कारण मधूनच ते कुडत्याला पुसत होते. मग ते बाहेर गेले. मला वाटलं, घरी निघाले. तर ते आपल्या कोठडीतल्या छोट्या फ्रीजकडे गेले होते. परत आले तेव्हा हातात रुमालाची घडी होती. घडीत मी पाठवलेली कुपी. सील तसंच, कुपी थंडगार.

"टाकवेना मला," ते म्हणाले. "आणि देववेना. रोज फ्रीज उघडायचो आणि लावायचो. मागच्या वेळची सुई मीच दिली होती, पोरी. तू म्हणालीस संबंध नाही. नसेल. तू शिकलेली, तुला कळतं. पण दिली होती मी, या हातानं, आणि तिनं मान हलवली नव्हती. मी देतोय म्हणून हलवली नव्हती." त्यांचा आवाज मोठा झाला नाही. "दुपारी तू विचारलंस, आणि तोंडातून हो गेलं. मग तू गेलीस. मग मी इथं बसलो. याला काही झालं असतं तर…"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. इतकी दमले होते की कदाचित रागालाही उठून यायचं त्राण नव्हतं. पण नाही, तसं म्हणणं सोपं आहे. मला त्यांची माया आली. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आता ही लस देऊन शिंगराला काही उपयोग नाही, त्याचं जे व्हायचं ते मघाच्या सीरमवर आहे, आणि त्याची नाळ सुकेपर्यंत रोज आयोडीन लावायचं, आणि थोडं मोठं झालं की त्याला त्याची स्वतःची लस. ही कुपी फक्त घोडीच्या कामाची.

"तिलाच दे," मामा म्हणाले. "तू दे. मी धरतो."

मी उठले. त्यांनी तिच्या तोंडावरची मोरखी धरली, दुसऱ्या हाताचा पंजा घोडीच्या डोळ्यावर ठेवला, आणि स्वतःचे डोळे गच्च मिटून कपाळ तिच्या गालाला टेकवलं. मी त्यांच्यासारखंच मानेवर हाताची कड दोनदा आपटली, तिसऱ्यांदा सुई घातली आणि औषध हळूहळू आत सोडलं. घोडी तोंडातलं गवत चावत होती. खालून पिण्याचा आवाज येत होता. मी सुई काढली, त्या जागी अंगठ्यानं चोळलं, पिचकारी खिशात ठेवली. मामांनी डोळे उघडले नाहीत. तसेच चिकटून उभे होते, म्हातारे खांदे वर चढवून, जणू टोचायचं अजून त्यांनाच बाकी होतं.

"देतेस ना?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "झालं, मामा," मी म्हटलं.